सहाव्या घराचे शेजारी

मराठी माणसाला सुरत म्हटलं की आधी १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. ती स्वारी ज्या सुरतेवर झाली ती मोगल राज्याची पेढीच होती. आपल्याच समाजातले वीरजी व्होरा तिथले बडे सावकार, आणि इंग्रजांची कंपनीसुद्धा गरज पडली की त्यांच्याकडून व्याजाने पैसा उचलायची. पुढे राज्यं बदलली, बंदर मागे पडलं, व्यापार मुंबईला गेला. तरी जरीची तार आणि हिरा या दोन वस्तूंशी असलेलं सुरतेचं नातं काही सुटलं नाही. त्या काळी इथे हिऱ्याचा व्यापार चालायचा, विसाव्या शतकात हिऱ्याला पैलू पाडण्याचे कारखानेही आले. आज जगातल्या दहापैकी सुमारे नऊ हिरे सुरतेच्या हाताखालून जातात असं म्हणतात.

या दोन्ही धंद्यांचा पत्ता एका तक्त्यावर मिळतो. तो म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेला, रंगीत चौकोनांचा तक्ता, मूलद्रव्यांची आवर्तसारणी. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी तो पाठ केला, परीक्षा दिली आणि विसरून गेलो. पण तो पाठ करायचा नसतोच मुळी. तो चोपडा आहे. आणि चोपडा वाचायचा कसा हे व्यापाऱ्याच्या घरातल्या बायकांना कोणी शिकवायला नको. कोणती रक्कम कोणत्या रकान्यात बसली यावरून आतली गोष्ट कळते, तसंच इथेही आहे.

हे आत्ता लिहायला एक कारण आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून हा धडा २०२३ मध्ये वगळला गेला. तो आता अकरावीत भेटतो, तेही सायन्स घेणाऱ्यांना. आपल्या घरातल्या किती मुली दहावीनंतर कॉमर्सला जातात ते आपल्याला ठाऊकच आहे. त्या पुस्तकावर शिकणाऱ्या अशा मुलीच्या वाट्याला हा तक्ता आता येतच नाही. आणि नेमक्या याच काळात घरोघरी एक प्रश्न विचारला जातोय, की लॅबमध्ये बनलेला हिरा खरा की खोटा? त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच तक्त्यात आहे.

आधी जरीकडे जाऊ. येवल्याच्या पैठणीच्या पदरात जी जर असते, ती बहुतेक करून सुरतेहून जाते. सुरतेच्या जरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. खऱ्या जरीत चांदीची तार ओढून केसासारखी बारीक करतात, रुळांमधून काढून चपटी करतात (हाच बादला), तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचं पाणी चढवतात. हलक्या जरीत आतली तार तांब्याची, तिच्यावर चांदीचा मुलामा. म्हणजे तांबं, चांदी, सोनं या तीन धातूंचा हा सगळा खेळ. आता तक्त्यात अकरावा उभा रकाना काढा. वरून खाली तांबं, चांदी, सोनं, एकाखाली एक. जरीच्या कारागिरांनी हे धातू एकत्र आणले ते हाताच्या अनुभवावरून. तारेला तार जुळली म्हणून. तक्त्याने त्यांना एका रकान्यात बसवलं ते अणूच्या आतल्या रचनेमुळे.

ही रचना कळायला एक वजाबाकी पुरते. तांब्याचा क्रमांक २९, चांदीचा ४७, सोन्याचा ७९. हा क्रमांक म्हणजे त्या धातूच्या एका अणूच्या केंद्रकात किती प्रोटॉन आहेत ती संख्या, आणि केंद्रकाभोवती तेवढेच इलेक्ट्रॉन असतात. ४७ मधून २९ वजा केले, १८ उरले. ७९ मधून ४७ वजा केले, ३२ उरले. आता हिऱ्याचा रकाना घ्या, म्हणजे चौदावा. कार्बन ६, त्याखाली सिलिकॉन १४, मग जर्मेनियम ३२, कथिल ५०, शिसं ८२. एकातून एक वजा करत जा, ८, १८, १८, ३२ असे आकडे येतात. रकाना दुसरा असला तरी आकडे तेच फिरून येतात.

हे आकडे आले कुठून? इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कसेही गर्दी करून राहत नाहीत, त्यांची कवचं असतात. पहिल्या कवचात जास्तीत जास्त २ मावतात, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. वाड्याचे मजले समजा, आतला मजला लहान, बाहेरचा मोठा. रकान्यात खाली उतरताना दर वेळी एक मजला वाढतो आणि वजाबाकीत त्याच मापाचे आकडे दिसतात. तक्त्यातली आडवी ओळ कितवी यावरून मजले किती ते कळतं. तांबं चौथ्या ओळीत, चांदी पाचव्या, सोनं सहाव्या. आणि उभ्या रकान्यावरून कळतं की सगळ्यात बाहेरच्या मजल्यावर किती जण राहतात. तांब्यात २, ८, १८, १. चांदीत २, ८, १८, १८, १. सोन्यात २, ८, १८, ३२, १८, १. तिघांच्याही बाहेरच्या मजल्यावर एकटाच इलेक्ट्रॉन. शेजारच्या अणूंबरोबर तो सहज वाटून घेतला जातो. म्हणून या धातूंतून वीज धावते, ते ठोकले तर पसरतात, ओढले तर तुटत नाहीत. एक ग्रॅम सोन्याची सुमारे दोन किलोमीटर तार निघते.

मात्र एका घरातल्या तीन जावांचे स्वभाव जसे सारखे नसतात, तसंच या तिघींचंही आहे. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, तांब्यावर हिरवट थर चढतो, सोनं तसंच राहतं. तक्त्याच्या मधल्या भागातल्या धातूंचं असं असतं की बाहेरच्या मजल्याबरोबर त्याच्या आतला मजलाही देण्याघेण्यात भाग घेतो. मोरचुदातल्या तांब्याने एक नाही, दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात. तेव्हा रकाना स्वभावाची दिशा सांगतो. प्रत्येकीची कुंडली मांडत नाही.

आता इतिहासाकडे वळू, कारण खरी नवलाची गोष्ट तिथे आहे. हा तक्ता ज्याने मांडला त्याला मजले, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांतलं काहीच माहीत नव्हतं. रशियातल्या दिमित्री मेंडेलीव्हने १८६९ मध्ये तक्ता प्रसिद्ध केला तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्याने ती वजनाच्या क्रमाने लावली आणि पाहिलं की ठरावीक अंतराने तेच गुण परत येतात. वार जसे फिरून येतात तसे. जिथे गुण जुळेना तिथे त्याने जबरदस्ती केली नाही, घर रिकामं ठेवलं. वर त्या रिकाम्या घरात येणारं मूलद्रव्य कसं असेल तेही लिहून ठेवलं. त्यांना नावं देताना त्याने आपला संस्कृत ‘एक’ हा शब्द वापरला. ॲल्युमिनियमखालचं ते एका-ॲल्युमिनियम, सिलिकॉनखालचं ते एका-सिलिकॉन. पहिलं १८७५ मध्ये सापडलं, त्याला गॅलियम म्हणतात. दुसरं १८८६ मध्ये सापडलं, ते जर्मेनियम. वर्णन केलेलं होतं तसंच.

या कामात बायकाही होत्या, पण पाठ्यपुस्तकात त्यांची नावं क्वचित येतात. युलिया लेर्मोंतोवा ही रशियन मुलगी. तिच्या देशातल्या विद्यापीठांत मुलींना दार बंद, म्हणून ती जर्मनीत गेली. प्लॅटिनमच्या गटातले धातू एकमेकांपासून नीट वेगळे कसे करावेत हे मेंडेलीव्हने सुचवलेलं काम तिने तिथे हाती घेतलं. हे धातू दिसायला-वागायला इतके सारखे की वेगळे केल्याशिवाय त्यांचं वजन नेमकं कळत नाही, आणि वजन कळल्याशिवाय तक्त्यात क्रम लागत नाही. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली. मेंडेलीव्हने रिकामी ठेवलेली ८७ क्रमांकाची जागा तर १९३९ मध्ये एका बाईनेच भरली. त्या फ्रान्सच्या मार्गरीत पेरे, मादाम क्यूरींच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेल्या. आपल्या मूलद्रव्याला त्यांनी देशाचं नाव दिलं, फ्रान्सियम.

अणूच्या आत काय आहे ते हळूहळू उलगडलं. १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला. १९११ मध्ये रदरफर्डने सांगितलं की अणूचं जवळजवळ सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रकात आहे. १९१३ मध्ये बोरने इलेक्ट्रॉनांचे ठरावीक मार्ग मांडले. त्याच सुमारास हेन्री मोझली नावाच्या तरुण इंग्रजाने एकेका मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण मोजले आणि तक्त्यातली एक जुनी अडचण सुटली. टेल्युरियम आयोडीनपेक्षा वजनाने किंचित जड, तरी मेंडेलीव्हने त्याला आयोडीनच्या आधी बसवलं होतं, कारण गुण तसे जुळत होते. आयोडीन म्हणजे आपल्या मिठातलं, ते क्लोरीनच्या रकान्यातच शोभतं. मोझलीने दाखवलं की खरा क्रम वजनाने लागत नाही, केंद्रकातल्या विद्युतभाराने लागतो. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. मेंडेलीव्हने बसवलेला क्रम बरोबर होता, त्याचं कारण चाळीसहून अधिक वर्षांनी सापडलं. मोझली १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

वजन वेगळं आणि घर एकच, याचं उदाहरण सुरतेजवळच आहे. काकरापारच्या अणुवीज केंद्रात जड पाणी वापरतात. त्यातला हायड्रोजन साध्या हायड्रोजनपेक्षा दुप्पट जड, पण प्रोटॉन एकच. म्हणून तक्त्यात त्याचं घर पहिलंच.

इथे शब्दांचा एक गोंधळ निस्तरायला हवा. सुरतेत महापालिकेच्या शाळा मराठीसह अनेक माध्यमांत चालतात, आणि एकाच चाळीत एक मूल मराठीतून शिकतं, दुसरं गुजरातीतून. मराठी पुस्तकात ज्याला अणू म्हणतात त्याला गुजराती पुस्तक परमाणू म्हणतं. आणि गुजरातीत अणू म्हणजे मराठीतला रेणू. दोन मुलं एकत्र अभ्यासाला बसली की दोघंही बरोबर आणि दोघांचंही भांडण! आईने एवढं सांगितलं तरी पुरे की शब्द पाहू नका, वस्तू पाहा.

परमाणू म्हटलं की आपल्याकडे दुसराही विचार मनात येतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाची चर्चा आहे. पुद्गल अणुरूप आणि स्कंधरूप असतं, आणि अणू एकत्र बांधले जातात ते स्निग्ध आणि रूक्ष या गुणांमुळे, असं तिथे म्हटलं आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. वैशेषिकांनी पृथ्वी, पाणी, तेज, वायू यांचे परमाणू वेगवेगळ्या जातींचे मानले. जैन विचारात परमाणूंच्या अशा कायमच्या जाती नाहीत. हे वाचून पुष्कळांना मोह होतो की बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं. तसं म्हणू नये. त्या परमाणूचे तुकडे होत नाहीत, रसायनशास्त्रातल्या अणूचे होतात. आपल्या आचार्यांनी विचाराने जग तपासलं, मोझलीने यंत्राने. आचार्यांचं मोठेपण त्यांच्या प्रश्नात आहे. वस्तू मुळात कशाची बनते आणि एकमेकीला का धरून राहते, हे त्यांना विचारावंसं वाटलं. त्यांना मेंडेलीव्हचं प्रमाणपत्र नको, आणि मेंडेलीव्हलाही त्यांचं नको.

आता हिरा. हिरा म्हणजे कार्बन, तक्त्यातलं सहावं घर. हे कळायलाही वेळ लागला. १७७२ मध्ये फ्रान्सच्या लाव्हाझिएने भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळून पाहिला. १७९७ मध्ये इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटने दाखवलं की हिरा आणि तेवढ्याच वजनाचा कोळसा जाळला तर सारखाच वायू तयार होतो. म्हणजे शेगडीतला कोळसा, पेन्सिलीतलं शिसं आणि अंगठीतला हिरा, अणू तेच. कार्बनच्या सहा इलेक्ट्रॉनांपैकी दोन आतल्या मजल्यावर, चार बाहेर. चार हात समजा. हिऱ्यात प्रत्येक अणू चारही हातांनी चार शेजाऱ्यांना सारखं घट्ट धरतो, म्हणून तो इतका कठीण. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमध्ये तो तिघांना घट्ट धरतो आणि पापुद्र्यासारखे थर बनतात, म्हणून ते कागदावर घसरतं. हिऱ्याचंच एक षटकोनी रूप उल्कापाषाणात सापडलं, त्याला १९६७ मध्ये लॉन्सडेलाइट नाव दिलं गेलं. हे नाव कॅथलीन लॉन्सडेल यांच्यावरून आलं. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९४५ मध्ये पहिल्यांदा ज्या दोन बायकांना सदस्य करून घेतलं, त्यांतल्या त्या एक.

सहाव्या घराला दोन शेजारी आहेत, डावीकडे पाच क्रमांकाचा बोरॉन, उजवीकडे सात क्रमांकाचा नायट्रोजन. दोघंही आकाराने कार्बनच्या जवळचे, त्यामुळे हिरा घडताना मधूनच एखादा आत शिरतो. बोरॉनच्या बाहेरच्या मजल्यावर तीनच इलेक्ट्रॉन, म्हणजे एक हात कमी. नायट्रोजनला पाच, म्हणजे एक जास्त. दहा लाख कार्बन अणूंमागे असा एखादा शेजारी बसला तरी हिऱ्याचा रंग फिरू शकतो. एकेकटा नायट्रोजन हिऱ्याला पिवळेपणा देतो, बोरॉन निळाई देतो आणि हिऱ्यातून वीजही जाऊ देतो. सतराव्या शतकात ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेला एकाहून अधिक वेळा उतरला. हिंदुस्थानातून त्याने एक निळा हिरा नेला आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईला विकला. तोच पुढे चोरीला गेला, पुन्हा कापला गेला, आणि आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ‘होप’ नावाने ठेवलेला आहे, ४५.५२ कॅरेटचा. त्याच्या शापाच्या कथा कितीतरी आहेत. त्याच्या निळाईमागे मात्र पाचव्या घरचा पाहुणा आहे.

हेच शेजारी आता बाजारात साक्षीला उभे आहेत. प्रयोगशाळेतला हिरा अमेरिकेत १९५४ मध्ये बनला, ग्राफाइटवर प्रचंड दाब आणि उष्णता देऊन. दुसरी रीत आता सुरतेत घरच्यासारखी झाली आहे. सगळे तिला ‘सीव्हीडी’ म्हणतात. हिऱ्याची पातळ चकती बंद पेटीत ठेवायची, मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडायचे, सूक्ष्मलहरींनी तापवायचं. मिथेन म्हणजे एका कार्बनच्या चार हातांत चार हायड्रोजन. ते सुटतात, आणि कार्बन चकतीवर थराथराने बसत जातो. काही आठवड्यांत हिरा वाढतो. २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या प्रथम महिला जिल बायडेन यांना ७.५ कॅरेटचा असाच हिरा भेट दिला.

मग खरा की खोटा? तक्त्याला विचारलं तर तो सांगेल, सहावं घर. अणू तोच, मांडणी तीच, कठीणपणा तोच. अमेरिकन डायमंड म्हणून जे विकतात त्यात झिर्कोनियम असतं, चाळिसावं घर, तो मुळात हिराच नाही. सीव्हीडी हिरा आहे. पण तो खाणीतला नाही, आणि हे ओळखता येतं ते नायट्रोजनमुळे. खाणीतला हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल, अब्जावधी वर्षं तापत पडलेला असतो. तेवढ्या काळात त्यात अडकलेले नायट्रोजन अणू सरकत सरकत एकमेकांजवळ येतात आणि जोड्या, टोळ्या करून बसतात. निसर्गातल्या बहुतेक हिऱ्यांत अशा टोळ्या सापडतात. लॅबमधल्या हिऱ्याला तेवढा वेळच मिळत नाही. त्यात नायट्रोजन नसतो, किंवा एकेकटा असतो. अतिनील प्रकाश टाकून यंत्र हेच तपासतं. ज्यात टोळ्या दिसत नाहीत असे हिरे पुढच्या तपासणीला जातात. त्यांत थोडे अस्सल खाणीतलेही असतात. कोहिनूर आणि कलिनन याच दुर्मीळ प्रकारचे. म्हणून नुसत्या डोळ्याने, काचेवर ओरखडा काढून किंवा फुंकर मारून लॅबचा आणि खाणीचा हिरा वेगळा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तपासणीचा दाखला मागा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा.

किंमत मात्र तक्त्यात कुठेच लिहिलेली नाही. लॅबच्या हिऱ्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले, खाणीच्या हिऱ्यालाही मंदी आली, आणि घंटीवर बसणाऱ्या किती रत्नकलाकारांच्या घरी त्याची झळ पोचली. तिकडे लेकीच्या लग्नात घातलेला दागिना मोडायला गेलं की परत काय मिळणार हा प्रश्न इथेही आहे. लॅबचा हिरा हौसेने घ्यावा, अडीनडीची पुंजी म्हणून घेऊ नये. हौस आणि पुंजी यांचे रकाने वेगळे ठेवायला आपल्या आज्या-पणज्यांनी शिकवलंच आहे.

घरात कॉमर्सला जाणारी मुलगी असेल तर एका संध्याकाळी तिच्यासमोर हा तक्ता ठेवा. ११८ नावं पाठ करायला लावू नका. २९, ४७ आणि ७९ हे तीन आकडे दाखवा, वजाबाकी तिला करू द्या. मग कपाटातली पैठणी काढून पदर तिच्या हातात द्या आणि विचारा, या तिघी एका रकान्यात का बसल्या असतील?